लेकरू आणि कुत्रं : 'थेरपी डॉग' आपल्याकडं कसं जमवायचं?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. इथं नेहमी वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढायलेय.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. बोलतो, पण गरजेपुरतं: पाणी, झोका, नको. ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी चालू आहे. अनोळखी माणूस घरात आलं की तो पलंगाखाली जातो. कुकरची शिट्टी, वरातीतला डीजे, पाहुण्यांनी गाल ओढणं, यातलं काहीच त्याला सोसत नाही.

जिंतूर रोडला सासऱ्यांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर आहे. तिथं भुरी नावाची गावरान कुत्री आहे, चार-पाच वर्षांची. पोळ्याला गेलो होतो तेव्हा हा तिच्यापासून हातभर अंतरावर पालथा पडून राहिला. तिचं पोट श्वासाबरोबर वर-खाली होत होतं, तेच बघत होता. मग आपण होऊन म्हणाला, "भुरी झोपली." कुणी विचारलेलं नसताना दोन शब्द जोडून बोलला. घरी आल्यावर स्पीच थेरपीच्या मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की याकडं लक्ष द्या, सोडून देऊ नका.

तेव्हापासून मी 'थेरपी डॉग' या विषयावर मिळेल ते वाचायलेय. सगळं अमेरिकेतलं नाहीतर मुंबई-पुण्यातलं. मला कळत नाही की असं कुत्रं म्हणजे नेमकं काय, ते मराठवाड्यात मिळतं का, की घरीच एखादं पिल्लू आणून वाढवावं? सासूबाई घरात कुत्रं घ्यायला तयार नाहीत, त्यांचं देवघराचं सोवळं आहे आणि मला त्यांचं मन मोडायचं नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

मांजराकाठ (लातूर)

ताई, डोळे झाकून लॅब्रॅडॉर घ्या. लेकरांसाठी त्याच्यासारखं कुत्रं नाही. माझ्या भावाकडं आहे, लेकरं त्याच्या अंगावर बसतात, कान ओढतात, तरी हूं की चूं करत नाही.

---

वाणीसंवाद (छत्रपती संभाजीनगर)

पूर्णाकाठ ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

थेरपी डॉग म्हणजे स्वभावानं शांत, माणसांत रमणारं आणि शिकवलेलं कुत्रं. ते आपल्या मालकाबरोबर ठरलेल्या वेळी दवाखान्यात, विशेष शाळेत किंवा थेरपी सेंटरमध्ये येतं, मुलांना भेटतं आणि घरी जातं. अंधांना वाट दाखवणारी किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला वस्तू उचलून देणारी कुत्री वेगळी. त्यांना एकाच माणसासाठी दीर्घकाळ प्रशिक्षण देतात. आणि घरचं पाळलेलं कुत्रं तिसरं. तुमची भुरी या तिसऱ्या गटातली, पण तिच्याकडून जे काम होऊ शकतं ते पहिल्या गटाच्या जवळ जाणारं आहे.

याची सुरुवात कशी झाली ते सांगायला मला फार आवडतं. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा त्यांच्या खोलीतच टेबलाजवळ बसायचा. एरवी पेशंट यायच्या आधी ते त्याला बाहेर काढत. एकदा एक आई आपल्या अबोल, कुणाशी न मिसळणाऱ्या मुलाला घेऊन ठरलेल्या वेळेच्या बरीच आधी आली. जिंगल्स त्या मुलाकडं धावला, त्याला चाटायला लागला. मूल घाबरेल असं सगळ्यांना वाटलं, पण त्यानं कुत्र्याला जवळ घेतलं आणि निघताना विचारलं, "याच्याशी खेळायला परत येऊ का?" पुढच्या भेटींमध्ये मूल कुत्र्याशीच खेळायचं. डॉक्टर शेजारी बसून राहायचे. हळूहळू त्या खेळात त्यांनाही जागा मिळाली. १९६१ मध्ये त्यांनी हा अनुभव अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात मांडला तेव्हा, असं सांगतात, काहींनी चेष्टेनं विचारलं की फीमधला वाटा कुत्र्याला देता का. १९६२ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि या विषयाचा पाया घातला गेला.

कुत्र्यानं असं काय केलं जे माणसाला जमलं नव्हतं? आपण मोठी माणसं स्वमग्न मुलाशी एका वेळी किती गोष्टी करतो बघा. बोलतो, हातवारे करतो, डोळ्यांत बघायला लावतो, उत्तराची वाट बघतो आणि उत्तर आलं नाही की आपला चेहरा पडतो. मुलाला हे सगळं एकदम सांभाळावं लागतं. शांत कुत्रं बोलत नाही, प्रश्न विचारत नाही आणि त्याच्या चेहऱ्यावर नाराजी येत नाही. 'ये' म्हटलं की येतं. मुलाला पहिल्यांदा कळतं की आपल्या तोंडून शब्द निघाला आणि जगात काहीतरी हललं.

अँड्रिया बीट्झ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आहे, २०१२ च्या आसपासचा. मोठ्या माणसांवर चटकन विश्वास न टाकणारी, प्राथमिक शाळेच्या वयाची मुलं घेतली आणि त्यांना परक्यांसमोर बोलण्याचं, गणित करण्याचं काम दिलं. काहींसोबत कुत्रा होता, काहींसोबत प्रेमळ स्वभावाची व्यक्ती, तर काहींसोबत खेळण्यातला कुत्रा. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, खऱ्या कुत्र्यासोबतच्या मुलांत कमी राहिलं. ज्यांनी कुत्र्याला जास्त कुरवाळलं त्यांच्यात आणखी कमी.

हे वाचून कुणी 'कुत्र्यानं ऑटिझम बरा होतो' असं म्हणू नये. तसं होत नाही. असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. कुत्र्यामुळं मूल निवांत होतं, त्याला बोलायचं, थांबायचं, हात वापरायचं कारण मिळतं. बाकीचं काम तुमच्या थेरपीनंच करायचं आहे.

मुंबई-पुण्याकडं ॲनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था बरीच वर्षं हे काम करते. त्यांच्याकडून निदान मार्गदर्शन मागता येईल. पण त्याआधी इथल्या एखाद्या पशुवैद्यकानं काहीतरी लिहावं असं मला वाटतं. भुरीच्या बाजूनंही कुणी बोलायला हवं.

---

गोठा_आणि_गाव (उदगीर)

वाणीसंवाद मॅडम, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. मी जनावरांचा डॉक्टर आहे, गाई-म्हशी जास्त बघतो, पण कुत्र्यांवर जीव आहे.

मांजराकाठ दादा, राग मानू नका, तुमच्या भावाच्या लॅब्रॅडॉरची मला काळजी वाटते. लेकरं अंगावर बसतात, कान ओढतात आणि कुत्रं काही करत नाही, याचा अर्थ त्याला ते आवडतं असा नाही. ते सोसायलंय. एखाद्या दिवशी कान दुखत असेल, कंबर धरली असेल, आणि त्याच दिवशी ते दात लावेल. मग सगळे म्हणतील की इतकं गरीब कुत्रं अचानक कसं चावलं. कुत्रं अचानक क्वचितच चावतं. आधी ते बरंच काही सांगत असतं आणि आपलं लक्ष नसतं.

तोंड फिरवणं, खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, अंग ताठ करणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, शेपूट पोटाखाली घेणं. हे सगळं 'आता पुरे' असं म्हणणं आहे. ते ऐकलं नाही तर गुरगुर. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधी मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि थेट चावायला शिकतं.

आणि ही गोष्ट लेकरांना आपोआप समजत नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स यांनी यावर काम केलं आहे. लहान मुलांना दात विचकलेल्या कुत्र्याचा चेहरा दाखवला तर त्यातली बरीच जण 'कुत्रं हसतंय' असं सांगतात. दात दिसले म्हणजे हसू, एवढंच त्यांना माणसांवरून माहीत असतं. मग ती मिठी मारायला जातात. म्हणून लहान लेकरू आणि कुत्रं यांना एकटं सोडायचं नाही. कुत्रं कितीही ओळखीचं असो, मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे.

आता पूर्णाकाठ ताईंच्या प्रश्नाकडं येतो. पिल्लू आणू नका. पिल्लाचे दात सुईसारखे असतात आणि ते सगळ्याला तोंड लावतं. आवाज आणि स्पर्श न सोसणाऱ्या मुलाला ते पहिल्याच आठवड्यात नकोसं होईल. शिवाय मोठेपणी त्याचा स्वभाव कसा निघेल हे कुणी सांगू शकत नाही. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत जे बघतं, ऐकतं, त्याचीच त्याला सवय होते. दुकानातल्या पिंजऱ्यात ते दिवस गेलेलं पिल्लू पुढं भित्रं निघण्याची शक्यता फार. भुरी चार-पाच वर्षांची आहे, तिचा स्वभाव घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. लाख मोलाची गोष्ट आहे ती.

जातीचं म्हणाल तर आपल्या भागाचं ऊन लक्षात घ्या. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. दाट केसांच्या हस्कीला आणि सेंट बर्नार्डला इथं आणणं म्हणजे छळ आहे. लॅब्रॅडॉरलाही दुपारचं बाहेर सोसत नाही. गावरान कुत्रं या हवेतच घडलेलं असतं. आपल्याकडं कारवान कुत्रीही आहेत, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शनाला आणतात ती. घरात फार शांत असतात, पण पळणारं काही दिसलं की मागं धावतात, त्यामुळं पळणाऱ्या लहान लेकरांजवळ मी त्यांना सावधपणे ठेवीन.

भुरीचं आधी एवढं करा: रेबीजची लस आणि दरवर्षी तिचा डोस, जंताची गोळी, गोचीड-पिसवांचं औषध, अंगावर कुठं गजकर्णासारखे चट्टे आहेत का ते बघणं. पाय, कान, शेपूट, पाठ सगळीकडं हात लावून बघा, कुठं दुखतं का. जेवताना जवळ कुणी गेलं तर ती काय करते तेही बघा. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं घेऊन जा.

---

तेरणामाय (धाराशिव)

ताई, तुमचं मन दुखवायचं नाही. पण इथं सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहिते.

माझ्या बहिणीच्या मुलाला रस्त्यावरच्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. पोरगं आईला घाबरून बोललंच नाही, 'कुत्र्याच्या नादी कशाला लागलास' म्हणून मार बसेल असं त्याला वाटलं. रात्री चड्डी बदलताना रक्त दिसलं. तोवर कितीतरी तास गेलेले. पोरगं आता ठीक आहे, पण ती रात्र आमच्या घरातलं कुणी विसरणार नाही. आपल्याकडं गल्लोगल्ली मोकाट कुत्री आहेत. लेकराला कुत्र्याची गोडी लावायची, आणि मग ते रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्याला हात लावायला गेलं तर? जे लेकरू नीट सांगू शकत नाही, त्याचं काय?

---

गोठा_आणि_गाव (उदगीर)

तेरणामाय ताई, तुम्ही अगदी बरोबर बोललात. हे आधी यायला पाहिजे होतं.

माणसाला होणारा रेबीज शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कुत्र्यापासून येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संशयित जनावर चावलेल्यांमध्ये १५ वर्षांखालची मुलं ४० टक्के असतात. लक्षणं सुरू झाली की या रोगातून जवळपास कुणी वाचत नाही, पण वेळेवर उपचार घेतले तर तो पूर्ण टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये पहिली लस ज्याला दिली तो जोसेफ मायस्टर नऊ वर्षांचा मुलगाच होता.

चावलं, ओरखडलं, किंवा जखमेवर चाटलं तर आधी नळाखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका. तसंच दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते जखमेतच टोचतात, तेव्हा डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि ठरलेल्या तारखांचे सगळे डोस पूर्ण करा.

लेकराला घरात रोज सांगून ठेवा की कुत्रं चावलं तर आम्ही रागावणार नाही, लगेच सांग. आपल्या मराठवाड्यात हे एक वाक्य घरोघरी गेलं पाहिजे.

---

वाणीसंवाद (छत्रपती संभाजीनगर)

तेरणामाय, जे मूल नीट सांगू शकत नाही त्याच्याबद्दल तुम्ही विचारलंत. अशा मुलांसाठी मी दोन गोष्टी सुचवते. अंघोळीच्या वेळी रोज सगळ्या अंगावर नजर फिरवायची. आणि ज्या मुलांचा प्राण्यांशी नेहमी संबंध येतो त्यांना आधीच रेबीजची लस देता येते, त्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारायचं. तरीही चावल्यावर दवाखान्यात जावंच लागतं.

रस्त्यावरच्या कुत्र्याला हात लावू नये हे भुरीजवळच शिकवता येईल. 'आधी बाबांना विचार' हा नियम चित्राच्या कार्डवर काढा आणि प्रत्येक वेळी तसंच करा. बरीच स्वमग्न मुलं ठरलेला नियम आपल्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळतात.

---

बालाघाट (बीड)

हा धागा काल रात्रीपासून वाचायलेय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. थोडं वेगळं लिहिते, पण विषयाला धरूनच आहे.

आमच्याकडं दिवाळीच्या आगेमागे गाव रिकामं होतं. कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या, लहान लेकरं आणि कुत्रं. ज्यांना शाळेत ठेवायचं ती लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आई-बाप थेट उन्हाळ्यात येतात.

या लेकरांना आईबद्दल विचारलं तर ती गप्प होतात. मान खाली. पण कुत्र्याबद्दल बोलतात. "मॅडम, आमच्या वाघ्याला कोपीवर काय खायला मिळत असंल?" "तिकडं बिबट्या असतोय, वाघ्या रात्री कुठं झोपत असंल?" दुसरीतली पोरगी हे विचारते तेव्हा ती कुणाची काळजी करायलीय हे मला कळतं. उसाच्या फडात बिबट्या असतो आणि कोपीला, म्हणजे मजुरांच्या झोपडीला, दार नसतं.

मग मी असं सुरू केलं की घरी फोन लागला की 'आई कशी आहेस' याच्या आधी 'वाघ्या काय करतोय' विचारायचं. त्यावर पलीकडून बोलणं येतं. वाघ्यानं आज भाकर पळवली, वाघ्या फडात सशामागं पळाला. बाप फोन कुत्र्याच्या तोंडाजवळ धरतो, ते हुंगतं, पोरगी हसते, आणि मग ती आपण होऊन विचारते, "आई, तुला खोकला होता तो गेला का?" निबंधाला 'माझी आई' दिला की तीन ओळी येतात. 'आमचं कुत्रं' दिला तर पान भरतं, आणि त्या पानात आई, बाप, धाकटा भाऊ, आगाऊ घेतलेली उचल, मजूर नेणारा मुकादम सगळं असतं.

ज्यांचं कुत्रं गावात मागं राहतं त्या लेकरांचं निराळं. आजी जेवायला बोलावते तरी पोरगं येत नाही, पण कुत्र्याला भाकर घालायची म्हणून उठतं, आणि त्याला घालता घालता स्वतःही दोन घास खातं. मी त्या आजीला सांगितलंय, रोज भाकर त्याच्याच हातानं घालू द्या.

मला एवढंच विचारायचंय की यातून या लेकरांसाठी शाळेत आणखी काही करता येईल का?

---

औंढेकर (हिंगोली)

बालाघाट मॅडम, वाचता वाचता डोळे भरून आले.

पूर्णाकाठ ताई, तुमच्या सासूबाईंसाठी लिहितो. आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेव महाराजांचं गाव. कुत्रं पोळी घेऊन पळालं तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नका देवा म्हणत. ही गोष्ट सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली सांगता येईल. माहूरच्या दत्ताच्या पायाशी कुत्री असतात. खंडोबाबरोबर कुत्रं असतं. देवाला चालतं. घरात घ्यायचं की नाही हा वेगळा प्रश्न, तो तुमच्या घराचा.

---

वाणीसंवाद (छत्रपती संभाजीनगर)

औंढेकर, सासूबाईंचं सोवळं मोडायची गरजच नाही. भुरीला परभणीच्या घरात आणायचंच नाही. तिचं घर आखाडा आहे, तिथंच ती निवांत असते. कुत्रं निवांत असेल तरच मूल निवांत होतं.

बालाघाट, तुम्ही जे करताय ते करत राहा. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ पासून 'रीड' नावाचा उपक्रम चालतो. वाचायला घाबरणारं मूल थेरपी डॉगजवळ बसून त्याला गोष्ट वाचून दाखवतं. कुत्रं अडखळल्यावर हसत नाही, मध्येच दुरुस्त करत नाही. मूल मोठ्यानं वाचायला धजावतं. पुढं बऱ्याच देशांत हे पसरलं. तुमच्याकडं एखाद्या पालकाचं शांत, लस दिलेलं कुत्रं असेल तर करून बघता येईल का?

---

मांजराकाठ (लातूर)

शाळेत कुत्रं कसं न्यायचं? सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे ना?

---

गोठा_आणि_गाव (उदगीर)

दादा, चांगलं लक्षात आणून दिलंत. नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवायला सांगितलं आहे आणि नसबंदी-लसीकरण करून पुन्हा तिथंच सोडू नका असंही म्हटलं आहे. मालकासोबत पट्ट्यावर आलेलं पाळीव कुत्रं ही वेगळी गोष्ट. तरी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि प्रत्येक पालक यांची लेखी संमती घेतल्याशिवाय करू नका. एखाद्या मुलाला भीती असेल, दमा किंवा ॲलर्जी असेल, तर त्याच्यावर लादू नका.

शाळेच्या आवारात फिरणाऱ्या मोकाट कुत्र्याला खिचडी घालून माणसाळवू नका. लेकरांना लळा लागतो, पण त्या कुत्र्याच्या लसीची जबाबदारी कुणाची हे कुणालाच माहीत नसतं.

---

बालाघाट (बीड)

बरोबर आहे डॉक्टर. शाळेत कुत्रं आणायचं नाही. मी लेकरांना घरी कुत्र्याला वाचून दाखवायला सांगेन, आजीच्या देखत. आजीलाही गोष्ट ऐकायला मिळेल.

---

पूर्णाकाठ (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. भुरीला पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन आणलं. लस झाली, जंताची गोळी दिली, कानातले गोचीड काढले. उजव्या मागच्या पायाला जुनी इजा आहे, तिथं हात लावलेला तिला चालत नाही हेही कळलं. मुलाला चित्र काढून दाखवलंय: पाठीवर हिरवा रंग, पायावर लाल.

आता रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आखाड्यावर जातो. मुलानं तिच्याजवळ बसून नेमकं काय करायचं? किती वेळ? मला उगीच घाई करायची नाही.

---

वाणीसंवाद (छत्रपती संभाजीनगर)

रंगांचं चित्र फार छान जमलंय, ताई.

एक सतरंजी न्या, ती दरवेळी तीच आणि त्याच झाडाखाली. मुलाला त्यावर बसवा, बाबा शेजारी. भुरीला आणायचं नाही, धरून बसवायचं नाही, साखळीनं बांधायचं तर मुळीच नाही. ती आली तर आली. जवळ आली की मुलानं मूठ खाली धरायची, तिला हुंगू द्यायचं, मग खांद्याजवळ किंवा छातीजवळ हात फिरवायचा. डोक्यावरून हात न्यायचा नाही, मिठी मारायची नाही. थोडं कुरवाळून झालं की हात काढून थांबायचं. तिनं अंग पुढं केलं तर आणखी. ती बाजूला सरकली तर पुरे. सुरुवातीला दहा मिनिटंही खूप झाली.

पुढं ब्रश फिरवणं, वाटीत पाणी ओतणं, गळपट्ट्याचं बक्कल लावणं. बोटांच्या हालचालींसाठी तुमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जे करून घेतात तेच इथं होतं. प्रत्येक कामाला एक-दोन शब्द जोडा आणि तेच शब्द ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भुरीला उठून जायची मुभा हवी. थेरपी डॉगच्या कामात हा नियम मी सगळ्यांच्या वर ठेवते. ज्या कुत्र्याला जाता येत नाही ते कोंडलेलं असतं आणि कोंडलेलं जनावर घाबरतं. आणि मुलासाठी म्हणाल तर, समोरच्याला नको असेल तर तो जातो आणि नंतर परत येतो, हे शिकायला स्वमग्न मुलाला याहून सोपी जागा मिळणार नाही.

---

पूर्णाकाठ (परभणी)

मध्ये लिहायला वेळ झाला नाही. थंडी सुरू झाल्यापासूनचं सांगते.

सुरुवातीला भुरी आलीच नाही. बांधावर बसून आमच्याकडं बघत राहिली. मग यायला लागली. हुंगायची, थोडा वेळ बसायची. मुलगा तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचा, फिरवायचा नाही, नुसता ठेवायचा. आणि मग ती उठून गेली. तो इतका रडला की सतरंजीवर लोळला. सासरे म्हणाले, तिला धरून आणतो. मी नको म्हणाले, अवघड गेलं पण नको म्हणाले. वाणीसंवाद मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तेच तेच म्हणत राहिले: "भुरी गेली. भुरी येईल."

हे बरेच रविवार चाललं. रडणं कमी झालं, मग हुंदका राहिला, मग तो स्वतःच म्हणायला लागला, "भुरी गेली. येईल." ती कधी परत यायची, कधी नाही.

आता जे झालं ते सांगण्यासाठी मी लिहायलेय. परवा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. नेहमीसारखे त्यानं कान दाबले. शिट्टी थांबल्यावर कानांवरचे हात काढले आणि म्हणाला, "शिट्टी गेली." आणि थोडं थांबून, "येईल." पुन्हा शिट्टी झाली तेव्हा कान दाबले, पण तो पलंगाखाली गेला नाही. तिथंच उभा राहिला.

आमच्या थेरपिस्ट मॅडमनी हे वहीत लिहून घेतलंय.

---

वाणीसंवाद (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मी हे वाचून घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आवाज येण्याआधी 'येईल' म्हणणं म्हणजे त्याला पुढचं दिसायला लागलंय. आता मिक्सर, पंप, दारावरची बेल यांनाही हेच शब्द जोडा. पण एका वेळी एकच.

---

तेरणामाय (धाराशिव)

ताई, फार आनंद झाला. माझ्या बहिणीचा मुलगा अजून कुत्रं दिसलं की रस्त्यातच गोठून उभा राहतो, नाहीतर पळत सुटतो. त्याच्यासाठी काही सांगाल का डॉक्टर?

---

गोठा_आणि_गाव (उदगीर)

पळणं तेवढं सोडवा. पळणाऱ्याच्या मागं कुत्रं धावतंच. कुत्रं अंगावर येतंय असं वाटलं तर उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडं, आवाज नाही. पाडलंच तर गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी मान आणि कान झाकून पडून राहायचं. घरात खेळासारखं रोज करून घ्या. त्याचं गोठून उभं राहणं वाईट नाही, फक्त ते ठरवून केलेलं असू द्या. त्याला आत्ता कुठल्या कुत्र्याजवळ नेऊ नका. तो स्वतः म्हणेल तेव्हा, एखाद्या म्हाताऱ्या शांत कुत्र्याला लांबून बघण्यापासून सुरुवात करा.

---

पूर्णाकाठ (परभणी)

डॉक्टर, एक अडचण आली आहे. सासरे म्हणतात भुरी गाभण दिसायलीय. आता रविवारचं काय करू? बंद केलं तर मुलाला कसं समजवू?

---

गोठा_आणि_गाव (उदगीर)

कुत्रीचे दिवस साधारण दोन महिन्यांत भरतात. नेमके किती झालेत ते तपासून घ्या. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मुलाला तिच्या अंगाला हात लावू देऊ नका. व्याल्यावर तर पिल्लं मोठी होईपर्यंत सतरंजी लांब, भुरीला दिसेल पण पिल्लांच्या वाटेत येणार नाही अशी. व्यालेली कुत्री कितीही गरीब असली तरी पिल्लांजवळ आलेल्याला धरते आणि त्यात तिची चूक नसते. पिल्लं आठ आठवड्यांच्या आत तिच्यापासून तोडू नका. दूध सुटलं की भुरीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. पिल्लांना तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस.

---

वाणीसंवाद (छत्रपती संभाजीनगर)

मुलासाठी चित्रांचं कॅलेंडर करा. भुरीचं पोट, मग पिल्लं, मग लांबची सतरंजी, मग परत जवळची सतरंजी. प्रत्येक रविवारी एक चौकोन त्यानं रंगवायचा. आखाड्यावर जाणं मात्र बंद करू नका. तो लांबून पाण्याची वाटी भरून ठेवू शकतो.

---

पूर्णाकाठ (परभणी)

कॅलेंडर आज रात्रीच करायला घेते. भुरीला बुधवारी तपासायला नेणार आहोत, तारीख कळली की इथं लिहीन. आणि सासूबाई विचारायल्यात, व्यालेल्या कुत्रीला गूळ-बाजरीचं घाटं दिलं तर चालतं का?